सांथ, शाळा आणि पालकांची संमति

(आकाशवाणीवरील भाषण)



२०२० सालच्या मार्च महिन्यांत कोविड-१९ च्या सांथीमुळें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या. त्या बंद करतांना सरकारनें कोणाही आईबापांची संमति घेतली नाहीं, व ती घेण्याइतका अवकाशही नव्हता. पुढें शाळा उघडण्याची वेळ आली तेव्हां मात्र प्रत्येक पालकापुढें एक कागद आला. आपल्या पाल्याला शाळेंत पाठविण्यास आपली संमति आहे, अशा आशयाचा तो कागद होता. त्यावर सही करतांना पुष्कळांचा हात अडखळला. तो कां अडखळला, आणि पुन्हां अशी वेळ आली तर तो अडखळूं नये म्हणून काय करतां येईल, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

ती सांथ ओसरून आतां कांहीं वर्षें झालीं आहेत. भीति निवलेली असतां भीतीचा विचार करणें सोपें जातें. शिवाय सांथी परत परत येतात, हें आपल्या प्रांताला नव्यानें सांगावयास नको.

शहरांतल्या सुशिक्षित घरांत बसून पाहिलें तर हा प्रश्न एका रीतीनें दिसतो, आणि खेड्यांतून पाहिलें तर दुसऱ्या. म्हणून आपण थोडा वेळ बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जाऊं. शेगांवाहून उत्तरेस गेलें म्हणजे संग्रामपूर तालुका लागतो, आणि त्या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं सोनाळा हें गांव आहे. कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा, संत्र्याच्या बागा राखणारा हा मुलूख. गांवामागें डोंगर, डोंगरांत अंबाबरव्याचें अभयारण्य, आणि त्यापलीकडे मध्यप्रदेश. संत सोनाजी महाराजांच्या कार्तिकी यात्रेला येथें पंचक्रोशी लोटते. अशा गांवांतील शाळेचा आधार त्या गांवालाच असतो असें नाहीं. पायथ्याच्या लहानसहान वस्त्या आणि आदिवासी पाडे हेही त्याच शाळेकडे डोळे लावून असतात.

शहरांतील मुलाची शाळा बंद झाली तेव्हां ती मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर भरूं लागली. मूल कंटाळलें, त्याचे डोळे चुरचुरले, आईबाप वैतागले. पण अभ्यासाचा धागा अगदींच तुटला नाहीं. सोनाळ्यासारख्या गांवीं घरांत एकच मोबाईल असला तर तो सकाळीं बापाच्या खिशांतून शेतावर जातो. डोंगराकडे जावें तसतशी त्याची रेंज तुटते. घरांत शिकलेलें माणूस नसेल तर पुस्तक उघडून समजावून देणार कोण? शाळेंत दुपारीं मिळणारें शिजलेलें अन्न थांबलें व त्याऐवजीं कोरडा शिधा वांटला जाऊं लागला. अशा वेळीं थोरली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळूं लागते. मुलगा बापाबरोबर सोंगणीला किंवा कापूस वेंचायला जाऊं लागतो. मूल घरीं आहे म्हणजे तें सुरक्षित आहे, असें आपण शहरांत गृहीत धरतों. तेथें मूल दिवसभर घरीं नसतेंच. तें शेतांत असतें, आठवडी बाजारांत असतें, लग्नाच्या मांडवांत असतें. फक्त शाळेंत नसतें.

यावरून खेड्यांतील पालक निर्धास्त होते असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. २३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यांत नववी ते बारावीचे वर्ग, आणि २७ जानेवारी २०२१ पासून पांचवी ते आठवीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी मिळाली. महिना लोटतो न लोटतो तोंच फेब्रुवारींत दुसरी लाट डोकें वर काढूं लागली. राज्यांत तिचा पहिला जोर ज्या अमरावती विभागांत दिसला, त्यांतच बुलढाणा जिल्हा मोडतो. निर्बंध परत आले. शाळांचीं दारें परत लागलीं. एकदां उघडलेलें दार असें पुन्हां लागलेलें ज्यानें पाहिलें, त्याला पुढच्या आश्वासनावर सहजीं विश्वास ठेवतां येत नाहीं.

त्या पालकाचे प्रश्न अगदीं साधे होते. घरांत म्हातारी आई त्याच खोलींत निजते. मुलानें शाळेंतून आजार आणला तर तिला ठेवावयाचें कोठें? गुरुजी बाहेरगांवाहून एस. टी. नें येतात, ते रोज किती जणांच्या संगतींतून येतात? वर्गांत कोणी तापानें फणफणलें तर तें आम्हांला कोण सांगणार? आणि कोणी खरोखरच अत्यवस्थ झालें तर? मोठें रुग्णालय जवळ नाहीं. जिल्ह्याचें ठिकाण तर घाटावर, जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूस. शहरांतील पालकाच्या मनांतही बहुतेक हेच प्रश्न होते. परंतु त्याच्या घरापासून रुग्णालय जवळ होतें, आणि शाळा बंद राहिल्यास त्याच्याजवळ पर्याय होता. खेड्यांतील पालकापुढें दोन भीति एकदमच उभ्या होत्या. मूल आजारी पडेल ही एक, आणि मूल शाळेला कायमचें मुकेल ही दुसरी. सहीसाठीं आलेला कागद त्याची संमति तेवढी विचारीत होता. शाळा आपल्या बाजूनें काय करणार, हें त्या कागदावर लिहिलेलें नसेल, तर ती सही म्हणजे उद्यां कांहीं बरेंवाईट झाल्यास जबाबदारी कोणाची, याची पावती आहे, असें त्याला वाटलें तर त्यांत नवल तें काय?

सांथीच्या काळांत लोकांचा विश्वास गमावला म्हणजे काय होतें, हें आपल्या प्रांतानें सव्वाशे वर्षांपूर्वीं अनुभवलें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला व लवकरच तो पुण्यास पोंचला. १८९७ सालीं सांथरोगांचा कायदा झाला. पुण्यांत गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या घेण्यांत आल्या आणि रोग्यांना घरांतून उचलून नेण्यांत आलें. हेतु रोग आटोक्यांत आणण्याचा होता. परिणाम असा झाला कीं, लोक रोगी लपवूं लागले. त्याच सांथींत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं मरण पावल्या. एकाच शहरांत सांथीशीं वागण्याच्या या दोन रीति होत्या, आणि त्यांपैकीं लोकांनीं कोणतीला दार उघडलें असेल हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. पुढें २०२० च्या मार्चमध्यें महाराष्ट्रांत जे निर्बंध आले, तेही याच १८९७ च्या कायद्याच्या आधारें आले. कायदा जुनाच असला तरी त्या पहिल्या अनुभवाचा धडा विसरून चालत नाहीं. मुलाला ताप आहे असें सांगितलें तर सारा वर्ग आपल्याला दोष देईल, असें ज्या आईला वाटेल, ती ताप उतरण्याचें औषध देऊन मूल शाळेंत पाठवील. सांथींत शाळेला लपविलेल्या तापाइतका मोठा धोका दुसरा नाहीं. म्हणून पालकांचा विश्वास हा आरोग्याच्या व्यवस्थेचाच एक भाग समजला पाहिजे.

दुसरा एक दाखला परदेशांतील आहे. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत अमेरिकेंतील बहुतेक शहरांनीं शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क व शिकागो येथें त्या चालू राहिल्या. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यांत बालकांच्या आरोग्याचें काम डॉ. जोसेफाईन बेकर या बाई पाहत असत. त्यांचा युक्तिवाद असा होता कीं, दाटीवाटीच्या चाळींतून राहणारें मूल शाळेंत आलें तर त्याला रोज कोणीतरी पाहील; घरीं राहिलें तर तें कोणाच्याच दृष्टीस पडणार नाहीं. मुलानें बाहेर न रेंगाळतां थेट वर्गांत जावें, शिक्षकानें त्याच्याकडे लक्षपूर्वक पाहावें, लक्षण दिसल्यास डॉक्टरानें तपासावें, आणि आजारी मुलाच्या घरीं परिचारिकेनें जावें, अशी ती व्यवस्था होती. कोविड हा निराळा रोग आहे व आपली परिस्थितिही निराळी आहे. तेव्हां हीच योजना येथें जशीच्या तशी चालली असती असें मी म्हणत नाहीं. मला त्यांतील विचाराची रीत घेण्याजोगी वाटते. शाळा सुरक्षित आहे कीं नाहीं हें ठरवितांना तिची तुलना एखाद्या कल्पनेंतल्या निर्मळ, प्रशस्त घराशीं करूं नये. तें मूल खरोखर ज्या घरांत राहतें, त्या घराशीं करावी.

पालकांची भीति ही कांहीं आपल्याच देशाची गोष्ट नाहीं. १५ एप्रिल २०२० रोजीं डेन्मार्कनें युरोपांत सर्वांच्या आधीं लहान मुलांचे वर्ग उघडले, तेव्हां तेथील हजारों पालकांनींही आमचीं मुलें तुमच्या प्रयोगासाठीं देणार नाहीं असा आवाज उठविला. त्याला उत्तर म्हणून कोरें आश्वासन पुरेसें झालें नसतें. मुलांचे लहान लहान गट, येण्याजाण्याच्या वेगळ्या वेळा, वारंवार हात धुणें आणि शक्य तेथें उघड्या हवेंत वर्ग, ही व्यवस्था त्यांना प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावयास मिळाली.

आपल्या राज्यानेंही एक चांगलें पाऊल टाकलें होतें, त्याचा येथें आवर्जून उल्लेख करतों. १५ जुलै २०२१ पासून ग्रामीण भागांतील कोविडमुक्त गांवांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी देण्यांत आली. गांवांत निदान महिनाभर एकही रुग्ण आढळलेला नसावा. सरपंचांच्या अध्यक्षतेखालीं समिति असावी. पालकांशीं विचारविनिमय करून ग्रामपंचायतीनें ठराव करावा. शिक्षकांचें लसीकरण व्हावें व त्यांनीं शक्यतों गांवींच राहावें. एका बाकावर एकच विद्यार्थी, दोन बाकांत ६ फूट अंतर, आणि एका वर्गांत १५ ते २० मुलें असावींत, अशा त्याच्या अटी होत्या. यांतील प्रत्येक अट सर्वत्र पाळतां येण्याजोगी होती असें नाहीं. परंतु निर्णयाची जागा यांत बदलली, हें महत्त्वाचें. सोनाळ्यांत रुग्ण आहे कीं नाहीं हें मुंबईच्या आधीं सोनाळ्यालाच कळतें. कोणाच्या घरीं पाहुणे आले, कोण बाहेरगांवाहून परतलें, कोणत्या आळींत खोकला आहे, हें गांवांतल्या बायकांना ठाऊक असतें. ज्याला ठाऊक असतें त्यानेंच ठरवावें, यांत मोठें शहाणपण आहे.

त्याच सुमारास राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनें पालकांचें मत अजमाविलें, तेव्हां सुमारें ८१ टक्के पालकांनीं शाळा सुरू कराव्यात असें कळविलें. तरीही पुढें गोंधळ झालाच. ऑगस्ट २०२१ मध्यें १७ तारखेपासून शाळा उघडण्याचें जाहीर झालें. बालरोगतज्ज्ञांच्या कृतिगटानें शंका काढतांच तें स्थगित झालें. अखेर ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागांत पांचवी ते बारावी व शहरांत आठवी ते बारावी असे वर्ग सुरू झाले. १ डिसेंबरपासून सर्वांत लहान मुलांनाही परवानगी मिळाली, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आणखी कांहीं दिवस थांबून ती अमलांत आली. जानेवारी २०२२ मध्यें ओमायक्रॉनच्या लाटेंत दारें पुन्हां लागलीं व २४ तारखेपासून पुन्हां उघडूं लागलीं. तज्ज्ञांच्या शंकेला आधार नव्हता असें नाहीं. आपल्या देशांत १५ ते १८ वर्षांच्या मुलांचें लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजीं सुरू झालें. म्हणजे ऑक्टोबरांत शाळेंत गेलेल्या मुलांपैकीं बहुतेकांस लसीचें संरक्षण नव्हतें. उलट पक्षीं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें जून-जुलै २०२१ मध्यें केलेल्या रक्ततपासणींत ६ ते १७ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत विषाणूचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. तोंवर शाळा बहुतांशीं बंदच होत्या. शाळेचें दार लावल्यानें रोगाचें दार लागलें नव्हतें, हें यावरून स्पष्ट होतें.

आणि त्या लावलेल्या दाराची किंमत? 'असर' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी ग्रामीण पाहणीप्रमाणें, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचूं शकणारीं तिसरीचीं मुलें २०१८ सालीं १०० पैकीं २७.३ होतीं, २०२२ सालीं तीं २०.५ वर आलीं. २०२४ च्या पाहणींत हा आंकडा २७.१ झाला, म्हणजे शिक्षकांच्या श्रमानें गेलेली जमीन बहुतेक परत मिळाली. परंतु मधल्या वर्षांत जीं मुलें तिसरींत होतीं, त्यांचें तिसरीचें वर्ष परत आलें नाहीं. वरच्या इयत्तांची गोष्ट तर याहून चमत्कारिक. २०२१ सालीं महाराष्ट्रांत दहावीची परीक्षाच झाली नाहीं, आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. गुणपत्रिका हातीं आली. तिच्यामागचें वर्षभराचें शिकणें किती जणांना मिळालें, हें ज्याचें त्यालाच ठाऊक.

आतां मुद्द्याची गोष्ट. माझें म्हणणें असें आहे कीं, संमतिपत्राला दोन बाजू असाव्यात. एका बाजूस पालक सही करील. दुसऱ्या बाजूस शाळा आपलीं वचनें लिहून त्याखालीं मुख्याध्यापकांची सही करील. त्या दुसऱ्या बाजूवर काय असावें?

पहिली गोष्ट हवा. हा विषाणु बंद खोलींतील हवेंतून पसरतो, हें जसजसें स्पष्ट होत गेलें, तसतसें उघड्या खिडकीचें मोल वाढलें. बाकांवर औषध फवारलेलें डोळ्यांना दिसतें, म्हणून त्याचा गाजावाजा अधिक झाला. पण न उघडणाऱ्या खिडकीला बिजागरी बसविणें याहून उपयोगाचें होतें. जेथें ओसरी किंवा अंगणांतलें कडुनिंबाचें झाड आहे तेथें वर्ग बाहेर घेतां येतो. सोलापुरांत निलमनगर या कामगार वस्तींत शिक्षकांनीं २०२१ च्या सुमारास घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले व मुलें गल्लींत उभीं राहून शिकलीं. साधनें थोडीं असलीं तरी बुद्धि चालविली म्हणजे मार्ग सांपडतो, तो असा. दुसरी गोष्ट पाणी व स्वच्छतागृह. नळाला पाणी नसेल तर हात धुण्याचा नियम भिंतीवर लिहून उपयोग नाहीं. विशेषतः मोठ्या मुलींच्या बाबतींत ही उणीव शाळा सोडण्याचें कारण होते. तिसरी गोष्ट खबर. कोणी आजारी पडल्यास त्याचें नांव न फोडतां त्या वर्गाच्या पालकांस त्याच दिवशीं कळविण्यांत येईल, असें वचन हवें. चौथी गोष्ट बंद करण्याचा व उघडण्याचा नियम. किती मुलें आजारी पडलीं म्हणजे एक वर्ग बंद होईल, तो किती दिवसांनीं उघडेल, आणि तोंवर त्या मुलांचा अभ्यास कोण व कसा घेईल, हें आधींच लिहिलेलें असावें. एका वर्गापायीं सारी शाळा, व एका शाळेपायीं सारा जिल्हा बंद करण्याची वेळ मग सहसा येणार नाहीं.

पालकाच्या बाजूसही नुसत्या सहीनें भागूं नये. ताप किंवा खोकला असेल त्या दिवशीं मूल पाठविणार नाहीं. घरांत कोणी आजारी असल्यास कळवीन. दुसऱ्याच्या मुलाच्या आजाराची वाच्यता करणार नाहीं. एवढें त्यानें लिहून द्यावें. आणि ज्याला मूल पाठविण्याचें धैर्य होत नाहीं, त्याच्या घरीं वृद्ध किंवा दुर्धर रोगानें पीडलेलें माणूस असेल, त्याचें नांव पटावरून जाणार नाहीं व त्याला भित्रा म्हणून कोणी हिणवणार नाहीं, हें शाळेनें लिहून द्यावें.

असा कागद तयार करण्यास नवी समिति नेमावयास नको. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांस शाळा व्यवस्थापन समिति घालून दिली आहे. तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें कायदाच सांगतो. पुष्कळ ठिकाणीं या समितीच्या सभा सह्यांपुरत्या होतात. सांथ दारांत नसतांना तिनें हें एक काम हातीं घेतलें, तर सांथ आली त्या दिवशीं तिला नव्यानें बोलावें लागणार नाहीं.

शेवटीं शहरांतील श्रोत्यांना एक विनंती. आपल्या भीतीला वाचा आहे. आपण वृत्तपत्राला पत्र लिहितों, पालकसंघाची सभा भरवितों, ओळखीच्या डॉक्टराला विचारतों. आणि आपला आवाज मंत्रालयापर्यंत पोंचतो. सोनाळ्याच्या पायथ्याशीं कापूस वेंचणाऱ्या आईची भीति तेथवर पोंचत नाहीं. म्हणून राज्यभरच्या शाळा बंद असाव्यात कीं उघड्या, असा प्रश्न पुन्हां कधीं निघाला, तर आपल्या घराच्या मापानें साऱ्या राज्याचें उत्तर मागूं नये. आपल्या शाळेपुरतें आपण बोलावें, आणि तिच्या शाळेचें तिला व तिच्या गांवाला ठरवूं द्यावें, असा आग्रह आपणच धरावा. येत्या पालकसभेंत आपल्या मुलाच्या वर्गाच्या खिडक्या उघडतात कीं नाहीं, एवढें जरी आपण विचारलें तरी त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूची पहिली ओळ लिहिली जाईल.